दोन प्रतींचा हिशोब: निफाड तालुक्यातील एका कुटुंबातल्या आतड्याच्या कर्करोगाचा प्रकरण अभ्यास

शीर्षकातल्या दोन प्रती म्हणजे प्रत्येक जनुकाच्या आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रती. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. यातला रुग्ण म्हणजे कुणी एक विशिष्ट माणूस नव्हे. अशा कुटुंबांत जे क्रमाने घडते आणि जिथे हमखास चुकते, ते एका घराभोवती मांडले आहे. तपासण्यांचे निकष आणि जनुकांविषयीची माहिती मात्र आज प्रत्यक्ष वापरात असलेलीच आहे.

हिमोग्लोबिन ८.१

पुरुष, वय ४१, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागेत थोडे चालले तरी दम लागू लागला. दगदगीचे दिवस, जेवणाची वेळ नाही, असे म्हणून दोन महिने गेले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.१ ग्रॅम, तांबड्या पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ६८, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६. लोहाची कमतरता स्पष्ट होती. जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बारा आठवड्यांत हिमोग्लोबिन ९.६ पर्यंत चढले, गोळ्या थांबल्या आणि पुढच्या तपासणीत ते पुन्हा ८.४ वर आले.

पहिली चूक इथेच झाली, आणि ती फार सार्वत्रिक आहे. लोह दिल्यावर हिमोग्लोबिन चढले याचा अर्थ कारण सापडले असा होत नाही. टाकी गळत असतानाही वरून पाणी सोडले की पातळी वाढतेच. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता आढळली, तर पचनमार्गातून रक्त जात आहे असे धरून वरची आणि खालची, दोन्ही दुर्बीण तपासण्या कराव्या लागतात. शौचातून रक्त दिसत नाही हे रुग्णाचे म्हणणे खरे असते, पण त्यावर विसंबता येत नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात मळ पातळ असतो आणि नळी रुंद असते, म्हणून तिथली गाठ बरीच मोठी होईपर्यंत अडथळा करत नाही. तिच्यातून झिरपणारे रक्त मळात मिसळून जाते. डाव्या बाजूच्या गाठीसारखी बद्धकोष्ठता, लाल रक्त, सवयीतला बदल यांपैकी काहीच नसते. थकवा हेच लक्षण.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, झाली. पोट साफ करण्याचे औषध दोन हप्त्यांत दिले होते, निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या चार-सहा तास आधी. हा तपशील किरकोळ वाटतो, पण सगळे औषध आदल्या दिवशीच संपवले तर रात्रीतून लहान आतड्यातला चिकट पित्तरस उजव्या बाजूवर येऊन बसतो आणि नेमका तोच भाग नीट दिसत नाही. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोचली याचा पुरावा म्हणून अपेंडिक्सचे तोंड आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप यांचे फोटो अहवालात हवेत. असेन्डिंग कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजव्या, वर जाणाऱ्या भागात, साडेचार सेंटिमीटरची गाठ होती. बाकी आतडे स्वच्छ, एकही पॉलिप (अस्तरावरचा कोंब) नाही. बायोप्सीचे निदान: अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कर्करोग), पेशींची घडण विस्कटलेली, काही भागात श्लेष्माचे तळे, गाठीत लिम्फोसाइट या प्रतिकार करणाऱ्या पेशींची दाटी.

चाळिशीतला माणूस, उजवी बाजू, श्लेष्मा, लिम्फोसाइट. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला एवढ्यावरून शंका येते. पण खरे तर शंका येण्याची वाट पाहूच नये. आतड्याच्या प्रत्येक कर्करोगावर, वय काहीही असो, मिसमॅच रिपेअर प्रथिनांची, म्हणजे डीएनएची नक्कल काढताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, तपासणी करावी आणि ती बायोप्सीवरच, शस्त्रक्रियेआधी करावी. या प्रकरणात बायोप्सीच्या वेळी ती कुणी मागितली नाही.

चारही फिकी

सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुफ्फुसे स्वच्छ. रक्तातली कर्करोगाची खूण मानले जाणारे सीईए ३.२, म्हणजे सामान्य. उजवी हेमिकोलेक्टमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढण्याची शस्त्रक्रिया, झाली. १९ लसिकाग्रंथी तपासल्या गेल्या, एकीतही रोग नाही. किमान १२ तपासल्या जाव्यात असा निकष आहे, त्यामुळे हा शून्य भरवशाचा. गाठ स्नायूच्या थराबाहेर, पण आवरणापर्यंत न पोचलेली: टी३ एन०, दुसरा टप्पा.

आता चार प्रथिनांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रथिने रंगवून पाहण्याची आयएचसी तपासणी, मागवली गेली: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. अहवाल आला की चारही अनुपस्थित. असा अहवाल वाचला की आधी स्लाइडवर शंका घ्यावी. चारही प्रथिने एकदम जाणे अत्यंत विरळ असते. आयएचसीत गाठीच्या पेशींइतकेच शेजारच्या निरोगी पेशींना महत्त्व असते. गाठीभोवतीचे लिम्फोसाइट, स्ट्रोमाच्या (आधार देणाऱ्या ऊतीच्या) पेशी आणि निरोगी ग्रंथींच्या तळच्या पेशी यांची केंद्रके रंगली पाहिजेत. ती रंगली आणि गाठीची रंगली नाहीत, तरच प्रथिन गेले असे म्हणता येते. इथे निरोगी पेशीही कोऱ्या होत्या. म्हणजे स्लाइड वाचण्याजोगीच नव्हती.

कारण नमुन्याच्या हाताळणीत सापडले. काढलेले आतडे न उघडता, अरुंद तोंडाच्या बरणीत, थोड्याशा फॉर्मॅलिनमध्ये दाबून ठेवले होते आणि मध्ये सुट्टी आली. फॉर्मॅलिन ऊतीत ताशी साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरते. बंद आतड्याच्या मध्यावर असलेल्या साडेचार सेंटिमीटरच्या गाठीच्या गाभ्यापर्यंत ते पोचेस्तोवर तिथली प्रथिने कुजलेली असतात. योग्य रीत अशी: नमुना बाहेर आल्यापासून तासाभराच्या आत आतडे गाठ टाळून उभे चिरावे, पाण्याने नव्हे तर सलाइनने हलके धुवावे, बोर्डावर पिनांनी ताणून घ्यावे आणि नमुन्याच्या किमान दहापट आकारमानाच्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवावे. मोठ्या गाठीला एक-दोन चिरा देऊन ठेवल्या तर आणखी चांगले. फॉर्मॅलिनमध्ये ६ तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त, दोन्ही वाईट. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर हे चार ओळींत लावून ठेवले तरी पुष्कळ काम होते.

सुदैवाने कोलोनोस्कोपीचा बायोप्सी ब्लॉक शाबूत होता. बायोप्सीचे तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे असल्याने फॉर्मॅलिन लगेच आरपार जाते, म्हणूनच आयएचसीसाठी ते बहुधा मोठ्या नमुन्यापेक्षा सरस ठरतात. त्यावरचा निकाल स्वच्छ आला: एमएसएच२ आणि एमएसएच६ आहेत, एमएलएच१ आणि पीएमएस२ गाठीत नाहीत, भोवतीचे लिम्फोसाइट चारही रंगांत ठळक.

दोन प्रथिने गेली म्हणून दोन जनुके बिघडली असे नाही. ही प्रथिने जोडीने काम करतात, एमएसएच२ सोबत एमएसएच६ आणि एमएलएच१ सोबत पीएमएस२. जोडीदार एमएलएच१ नसेल तर पीएमएस२ टिकत नाही, पेशी त्याची विल्हेवाट लावते. उलट एकटे पीएमएस२ गेले तर एमएलएच१ इतर जोडीदारांसह उभे राहते. तेव्हा संशय एमएलएच१ वर.

एक प्रत गेली तर काय होते

ट्यूमर सप्रेसर जनुक म्हणजे पेशीची वाढ, विभाजन, दुरुस्ती किंवा मरण यांवर नियंत्रण ठेवणारे जनुक. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी बहुतेक वेळा काम निभावते. त्यामुळे गाठ होण्यासाठी एकाच पेशीत दोन्ही प्रती जाव्या लागतात. आल्फ्रेड क्नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमाच्या आकडेवारीवरून हे मांडले. एक बिघडलेली प्रत जन्मतःच घेऊन आलेल्या मुलांना गाठी लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतात, कारण त्यांच्या प्रत्येक पेशीला दुसऱ्या एकाच धक्क्याची गरज उरलेली असते. इतरांना दोन्ही धक्के एकाच पेशीत योगायोगाने बसावे लागतात.

केरास यासारख्या ऑन्कोजीनचा, म्हणजे वाढीला चालना देणाऱ्या जनुकाचा, हिशोब उलटा आहे. तिथे एका प्रतीतला बदल पुरतो, कारण तो वाढीचा इशारा अडकवून ठेवतो. आतड्याच्या कर्करोगात दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडलेला क्रम आजही पाया मानला जातो: आधी एपीसी जाते आणि छोटा अ‍ॅडेनोमा (अजून कर्करोग न झालेला पॉलिप) उगवतो, केरासमुळे तो वाढतो, १८व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एसमॅड४ आणि १७व्याच्या आखूड भुजेवरील टीपी५३ गेल्यावर तो कर्करोग होतो. या वाटेला साधारण दहा वर्षे किंवा अधिक लागतात.

एपीसीकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण आतड्याच्या सुमारे ८० टक्के कर्करोगांत हेच जनुक बिघडलेले सापडते. एपीसीचे प्रथिन अ‍ॅक्सिन आणि जीएसके३ यांच्यासह एक संच तयार करते. हा संच बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण करतो आणि खूण झालेले बीटा-कॅटेनिन नष्ट होते. एपीसी नसेल तर बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते आणि एमवायसी, सायक्लिन डी१ अशी वाढीची जनुके चालू ठेवते. ग्रंथीच्या तळाशी विभागून वर सरकणाऱ्या आणि चार-पाच दिवसांत गळून जाणाऱ्या पेशी मग गळत नाहीत, तिथेच ढीग होतो. एपीसीची एक बिघडलेली प्रत जन्मतः आली तर किशोरवयापासून शेकडो पॉलिप उगवतात आणि शस्त्रक्रिया न केल्यास चाळिशीपर्यंत कर्करोग जवळपास अटळ असतो. त्या कुटुंबांत तपासणी १०-१२ व्या वर्षीच सुरू करावी लागते. आपल्या रुग्णाच्या आतड्यात एकही पॉलिप नव्हता, म्हणून ती वाट इथे संभवत नाही.

एमएलएच१ चे काम वेगळे. ते वाढीला थेट रोखत नाही, ते नक्कल तपासते. डीएनएची प्रत काढताना, विशेषतः एकच अक्षर सलग आठ-दहा वेळा येते तिथे, एखादे अक्षर जास्त किंवा कमी पडते. मिसमॅच रिपेअरचा संच ती चूक कापून दुरुस्त करतो. दोन्ही प्रती गेल्यावर चुका साचू लागतात. या चुका कुठे साचतात, त्यावर सगळे अवलंबून आहे. टीजीएफबीआर२ या ट्यूमर सप्रेसर जनुकात सलग दहा ‘ए’ आहेत. त्यातला एक गळला की पुढचे सगळे वाचन सरकते आणि पेशीला ‘थांब’ सांगणारा टीजीएफ-बीटाचा इशारा पोचेनासा होतो. बॅक्स या पेशीमरणाच्या जनुकात सलग आठ ‘जी’ आहेत, तेही असेच मोडते. म्हणजे एक दुरुस्ती करणारे जनुक गेले की वाढ रोखणारी जनुके एकामागून एक ढासळतात. लहानशा अ‍ॅडेनोमातून कर्करोग व्हायला इथे दहा वर्षे लागत नाहीत, दोन-तीन वर्षे पुरतात, कधी त्याहून कमी. ‘कोलोनोस्कोपी दहा वर्षांनी पुन्हा’ हा सर्वसामान्यांचा सल्ला या कुटुंबात म्हणूनच घातक ठरतो.

याच चुकांचा एक उपयोगही होतो. सरकलेल्या वाचनातून विचित्र प्रथिने तयार होतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके म्हणून ओळखते आणि लिम्फोसाइट गाठीत शिरतात. बायोप्सीच्या अहवालातली ती दाटी म्हणजे हेच.

पहिली प्रत कुठे गेली

गाठीत एमएलएच१ नाही, एवढ्यावरून रोग आनुवंशिक ठरत नाही. ही गल्लत दोन्ही बाजूंनी होते. काही ठिकाणी आयएचसीचा अहवाल हातात पडताच कुटुंबाला ‘तुमच्या रक्तातच आहे’ असे सांगितले जाते, तर काही ठिकाणी एक रक्ततपासणी नकारात्मक आली की विषय मिटवला जातो. दर वेळी एकच प्रश्न विचारावा: पहिली प्रत कुठे आणि कशी गेली, दुसरी कुठे आणि कशी?

आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत मिसमॅच रिपेअर निकामी असते, पण त्यांतले बहुतेक आनुवंशिक नसतात. वाढत्या वयात गाठीतल्या एमएलएच१ च्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे प्रमोटरवर, मिथाइल गटांचा थर बसतो आणि दोन्ही प्रती मुक्या होतात. असे साठी-सत्तरीच्या रुग्णांत, स्त्रियांत अधिक दिसते आणि त्यांतल्या अनेक गाठींत बीरॅफ जनुकाचा व्ही६००ई हा बदल असतो. म्हणून एमएलएच१ गेले असेल तर आधी गाठीवर बीरॅफ तपासावे. तो बदल सापडला तर रोग आनुवंशिक नसण्याची शक्यता फार मोठी. नाही सापडला तर प्रमोटरचे मिथिलेशन तपासावे, कारण मिथिलेशन असलेल्या बऱ्याच गाठींत बीरॅफ निर्दोष असते. हा बीरॅफचा नियम आतड्याच्या गाठीपुरताच आहे, गर्भाशयाच्या गाठीला तो लावू नये.

इथे बीरॅफ निर्दोष, मिथिलेशनही नाही. मग रक्त गेले: ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ४ मिलिलीटर, सामान्य तापमानात, गोठवायचे नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला दोन पिशव्या रक्त चढवले होते. ते तारखेसह प्रयोगशाळेला कळवले गेले, कळवायलाच हवे. नमुना पुण्या-मुंबईला किंवा आणखी दूर जातो तेव्हा पॅराफिन ब्लॉकही सोबत असेल तर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये. पॅराफिन ५६ ते ६० अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते.

अनेक जनुके एकत्र वाचणाऱ्या पॅनेल चाचणीचा पहिला अहवाल: ‘रोगकारक बदल आढळला नाही’. कुटुंबाने सुटकेचा श्वास टाकला, आणि दुसरी मोठी चूक इथे होता होता राहिली. अक्षरे वाचणारी चाचणी अक्षरांतले बदल पकडते. जनुकाचा आख्खा तुकडाच गळाला असेल, तर उरलेल्या निरोगी प्रतीचीच अक्षरे वाचली जातात आणि सगळे ठीक दिसते. काही प्रयोगशाळा वाचनांच्या संख्येवरून असा तुकडा हेरतात, सगळ्या हेरत नाहीत. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत चाचणीच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्या वाचल्याशिवाय ‘नकारात्मक’ हा शब्द वापरू नये. एमएलपीए ही प्रतींची संख्या मोजणारी चाचणी केल्यावर एमएलएच१ च्या एकूण १९ एक्झॉनपैकी (जनुकातल्या वाचल्या जाणाऱ्या तुकड्यांपैकी) १३ ते १६ हे चार एक्झॉन एका प्रतीतून गळलेले सापडले. एकच एक्झॉन गळलेला दिसला असता तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागली असती, कारण प्रोब (चाचणीतला शोधक डीएनए तुकडा) चिकटतो त्या जागी एखादा निरुपद्रवी बदल असला तरी तसेच दिसते. सलग चार एक्झॉनच्या बाबतीत ती शंका राहत नाही.

पहिली प्रत जन्मतःच अर्धवट होती. गाठीच्या डीएनएत तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा एमएलएच१ असलेला भाग गमावलेला आढळला, म्हणजे दुसरी प्रत आतड्यातल्या एका पेशीत गेली. हिशोब जुळला. निदान: लिंच सिंड्रोम, म्हणजे मिसमॅच रिपेअर जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असल्याने येणारा आनुवंशिक कर्करोगाचा धोका.

एमएलपीएतही काही सापडले नसते तर आणखी दोन दारे ठोठवायची होती. एक, रक्तातल्या एमएलएच१ चे मिथिलेशन. फार क्वचित ते जन्मतःच सगळ्या पेशींत असते, म्हणून तरुण रुग्णात गाठीत मिथिलेशन सापडले तरी रक्त पाहावे. दुसरे, गाठीच्या डीएनएचे वाचन. कधी कधी दोन्ही धक्के गाठीतच बसलेले असतात आणि मग भावंडांना या रोगाचा वारसा नसतो.

वंशावळ आणि काढलेली पिशवी

कुटुंबाचा इतिहास पहिल्या भेटीत विचारला होता आणि उत्तर होते, ‘आमच्यात कुणाला कॅन्सर नाही.’ दुसऱ्यांदा, मोकळा वेळ घेऊन, कागदावर तीन पिढ्या काढत विचारले तेव्हा चित्र बदलले. वडील ४७ व्या वर्षी गेले, ‘पोटात गाठ होऊन पाणी झालं’. आत्याची ४४ व्या वर्षी ‘पिशवी काढली’. चुलत आजोबा ‘काविळीनं’ गेले.

‘पिशवी काढली’ या दोन शब्दांपाशी आपल्याकडे थांबलेच पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात गर्भाशय काढण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि ते अंगावरून जास्त जाते म्हणून काढले की कर्करोगामुळे, हे घरात सहसा कुणाला ठाऊक नसते. लिंच सिंड्रोममधल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आतड्याच्या कर्करोगाइतकाच महत्त्वाचा आहे. पिशवी काढलेली असली की वंशावळीतला तो पुरावाच पुसला जातो. जुना पॅथॉलॉजी अहवाल ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमशेजारी, कुठे तरी असतो. तो शोधायला सांगावे. आत्याचा सापडला: एंडोमेट्रियल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराचाच कर्करोग.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे कुटुंबांच्या नामावळीच्या वह्या असतात. पूर्वजांची नावे आणि नाती जुळवायला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण त्या प्रामुख्याने पुरुषांच्या वंशाने चालतात, आणि जनुक मुलगा-मुलगी पाहत नाही. सासरी गेलेल्या आत्या, त्यांची मुले, त्यांच्या मुली हा अर्धा वंश वेगळा विचारून भरावा लागतो. नेमका तोच भाग नेहमी कोरा राहतो.

कुटुंबाच्या इतिहासावर आधारलेला अ‍ॅमस्टरडॅम निकष तीन बाधित नातेवाईक, दोन पिढ्या आणि पन्नाशीच्या आत निदान झालेला एकजण मागतो. पहिल्या भेटीच्या उत्तरांवर हे कुटुंब त्यात बसलेच नसते. लहान कुटुंबे, अपुरी निदाने आणि काढलेल्या पिशव्या यांमुळे हा निकष आपल्याकडे भरवशाचा नाही. म्हणूनच प्रत्येक गाठीची तपासणी करावी हा आग्रह.

उपचारात काय बदलले

दुसऱ्या टप्प्यातल्या मिसमॅच रिपेअर निकामी असलेल्या गाठींचे भवितव्य तुलनेने चांगले असते, आणि नुसत्या ५-फ्लुरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या औषधाचा त्यांना फायदा होत नाही. रुग्ण तरुण आहे आणि पेशी विस्कटलेल्या आहेत, एवढ्यावर केमोथेरपी सुरू झाली असती. या प्रकारच्या गाठीत विस्कटलेली घडण हे धोक्याचे लक्षण धरत नाहीत. केमो टळली. रोग पसरलेला असता तर पहिलाच उपचार म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारयंत्रणेला मोकळे करणाऱ्या औषधाचा विचार झाला असता. केमोपेक्षा तो सरस असल्याचे कीनोट-१७७ या चाचणीत दिसले आहे.

हेच शस्त्रक्रियेआधी कळले असते तर आणखी एक पर्याय समोर ठेवता आला असता. लिंच सिंड्रोममध्ये आतड्याचा फक्त एक भाग काढल्यास उरलेल्या आतड्यात नवा कर्करोग होण्याचे प्रमाण एका मोठ्या अभ्यासात १० वर्षांत १६ टक्के, २० वर्षांत ४१ टक्के आणि ३० वर्षांत ६२ टक्के आढळले. ४१ वर्षांच्या माणसाला हे आकडे सांगून, जवळपास सगळे आतडे काढून लहान आतडे गुदाशयाला जोडायचे का हे विचारायला हवे होते. त्यात दिवसाला तीन-चार वेळा शौचाला जावे लागते, आणि बागेत राबणाऱ्या माणसासाठी हा विचार लहान नाही. निवड त्याची, पण ती त्याच्यासमोर यायला हवी होती. आता उरलेल्या आतड्याची कोलोनोस्कोपी दर वर्ष-दोन वर्षांनी, आयुष्यभर. अ‍ॅस्पिरिनचाही विषय निघाला. कॅप२ या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम सरासरी दोन वर्षे घेतलेल्यांत पुढच्या काळात आतड्याचे कर्करोग कमी झाले. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार आणि इतर औषधे पाहूनच मात्रा ठरवायची. अ‍ॅनिमिया पूर्ण भरून येईपर्यंत ती सुरू केली नाही.

मामाची मुलगी

रुग्णाची मुलगी १९ वर्षांची, मुलगा १४ चा. बहीण ४४ वर्षांची, तिचा मुलगा २४ चा. तुळशीच्या लग्नानंतर या भाच्याचे आणि मुलीचे लग्न करायचे घरात ठरत होते. आते-मामे भावंडांचे लग्न आपल्या अनेक समाजांत रीतीला धरून आहे. दोन प्रतींचा हिशोब इथे वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो.

चाचणीपूर्वी मुलीकडे हा बदल असण्याची शक्यता १/२. बहिणीकडे १/२, म्हणून भाच्याकडे १/४. दोघांकडेही असण्याची १/८. दोघांकडे असेल तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची १/४. गुणाकार १/३२. नात्याबाहेरचा मुलगा असता तर ही शक्यता, पाश्चात्त्य लोकसंख्येत एमएलएच१ चे वाहक सुमारे २,००० मध्ये १ धरले जातात त्या हिशोबाने, साधारण १६,००० मध्ये १ झाली असती.

दोन्ही प्रती जन्मतः बिघडलेल्या असणे हा लिंच सिंड्रोमचा थोडा तीव्र प्रकार नव्हे. हा निराळा आणि गंभीर आजार आहे: लहानपणीच रक्ताचे कर्करोग, मेंदूतल्या गाठी, शाळेच्या वयात आतड्याचे कर्करोग आणि अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग. दुसऱ्या धक्क्याची वाट पाहणेच तिथे उरत नाही.

समुपदेशनात तीन गोष्टी काटेकोरपणे पाळल्या गेल्या. मुलीला आणि भाच्याला वेगवेगळे बसवून विचारले, कारण दोघेही सज्ञान आहेत आणि तपासणीची संमती ज्याची त्याची असते, वडिलांची किंवा मामाची नव्हे. १४ वर्षांच्या मुलाची तपासणी केली नाही, कारण या जनुकासाठी २० ते २५ वयाआधी काही करायचे नसते आणि निर्णय त्याने मोठेपणी घ्यायचा आहे. आणि प्रत्येकाचा निकाल फक्त त्याच्याच हातात दिला. मुलीचा अहवाल स्थळांच्या बोलण्यात फिरू लागला तर तिचे किती नुकसान होते, हे वेगळे सांगायला नको.

बहिणीत बदल आढळला. तिच्या पहिल्याच कोलोनोस्कोपीत १२ मिलिमीटरचा अ‍ॅडेनोमा निघाला आणि तिथेच काढला गेला. मुले झाली आहेत, वय ४४ आहे, म्हणून अस्तराची बायोप्सी करून गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढण्याचा सल्ला दिला गेला. ही पिशवी मात्र कारण माहीत असून, अहवाल जपून ठेवून काढली जाईल. भाच्यातही बदल आहे, त्याची कोलोनोस्कोपी आता सुरू होते. मुलीत बदल नाही. तिच्या स्वतःच्या आतड्याचा धोका इतर कुणाहीइतका, तिला दर वर्षी दुर्बिणीची गरज नाही. या लग्नातून होणाऱ्या मुलांना दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची भीती मिटली. वडिलांकडून एक बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता मात्र प्रत्येक अपत्यासाठी १/२ राहते. पुढे लग्न करायचे की नाही, हा त्या दोघांचा प्रश्न.

नातेवाइकांसाठीचे पत्र

आत्याची मुले सुरतेला आणि पुण्यात असतात. त्यांना ‘तपासून घ्या’ एवढाच निरोप पाठवला तर त्यांच्याही हातात तोच पहिला, खोटा दिलासा देणारा नकारात्मक अहवाल येईल. म्हणून रुग्णाच्या संमतीने एका पानाचे पत्र तयार केले. त्यात या गोष्टी आहेत: जनुक एमएलएच१, संदर्भ प्रत एनएम_०००२४९ आवृत्ती क्रमांकासह, एक्झॉन १३ ते १६ गळालेले, शोधण्याची पद्धत एमएलपीए. ‘फक्त अक्षरे वाचणारी चाचणी पुरेशी नाही’ हे वाक्य ठळक केले आहे. नातेवाइकाला सगळे पॅनेल करायची गरज नसते. या एका तुकड्यापुरती तपासणी केली की उत्तर ठाम मिळते आणि खर्चही कमी येतो. सोबत रुग्णाच्या मूळ अहवालाची प्रत जोडायची, म्हणजे तिकडच्या प्रयोगशाळेला ताडून पाहता येते. पत्र मराठीत आहे, तांत्रिक ओळी इंग्रजीतही आहेत, आणि त्यावर रुग्णाचे नाव लिहिण्याऐवजी कुटुंब क्रमांक घातला आहे. पाहिजे त्यानेच ते वापरावे, बाकीच्यांनी जपून ठेवावे. आत्याच्या थोरल्या मुलीचे वय ४२ आहे आणि तिला वर्षभरापासून पाळीच्या मध्येच रक्तस्राव होतो. तिने चाचणीची वाट न पाहता आधी अस्तराची बायोप्सी करून घ्यावी, असे तिच्या पत्रात हाताने लिहिले आहे.